तारेवाचून जोडणी : फोन आणि मोटार

फोनमधील नकाशा मोटारीच्या पडद्यावर दिसावा, यासाठी २०१४ साली 'कारप्ले' व 'अँड्रॉइड ऑटो' या पद्धती जाहीर झाल्या. आरंभी त्यांसाठी फोन तारेने जोडावा लागे. ही तार टाळण्यासाठी आता काडेपेटीएवढा बिनतारी अडॅप्टर मिळतो.

त्याचे कार्य दुभाष्याचे आहे. तो गाडीच्या यूएसबी खाचेत बसतो, आणि गाडीला फोन तारेनेच जोडल्यासारखे वाटते. फोनशी मात्र तो लहरींद्वारे बोलतो. प्रथम ब्लूटूथवरून दोघांची ओळख पटते व वाय-फायचा परवलीचा शब्द कळवला जातो. पुढे चित्र व आवाज वाय-फायवरून जातात. कारण नेहमीच्या ब्लूटूथचा वेग सेकंदाला फार तर ३० लाख बिट, आणि हलत्या चित्राला तो अपुरा पडतो.

ज्या गाडीत तारेने जोडण्याची सोय मुळातच नाही, तेथे हा अडॅप्टर निरुपयोगी होय. शिवाय तार गेली की तिच्यावाटे होणारे चार्जिंगही जाते.

१ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमानुसार, वाहन चालवताना हातातील फोनचा उपयोग केवळ मार्ग पाहण्यासाठी, तोही चालकाची एकाग्रता न ढळता, करता येतो. म्हणून जोडणी व ठिकाणाची निवड गाडी हलण्यापूर्वीच उरकावी.