मासोळीच्या घरातील पाषाण

नांदेड शहराच्या कडेने गोदावरी वाहते. उन्हाळ्यात तिचे पाणी ओसरले, की पात्रात नानाविध खडे उघडे पडतात. काही काळेभोर, काही तांबूस, काही दुधासारखे पांढरे, तर काहींच्या अंगावर रेघांची सुंदर वलये. नदीकाठी गेलेले मूल त्यांतील चार खडे घरी आणल्यावाचून राहत नाही, आणि घरात माशांची काचपेटी असेल, तर ते खडे तीत मांडण्याचा मोहही त्याला आवरत नाही. परंतु नदीतील मासोळीला एक जागा मानवली नाही, तर ती दुसरीकडे निघून जाते. पेटीतील मासोळीला अन्यत्र जाता येत नाही. म्हणून तिच्या घरात दगड ठेवण्यापूर्वी त्याचे कूळ व गुण जाणून घेणे, हे तिला पाळणाऱ्याचे कर्तव्य होय.

मराठवाड्याचा बहुतेक प्रदेश काळ्या पाषाणाचा आहे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी भूमीला पडलेल्या भेगांतून तप्त शिलारस बाहेर आला. त्याचे थरावर थर पसरून थिजले व त्यांचा बेसॉल्ट नावाचा खडक झाला. थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या. पुढे पाण्याबरोबर आलेली खनिजे या पोकळ्यांत साचली व त्यांतून गारगोटी, अकीक असे शोभिवंत दगड तयार झाले. नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेकडे, देगलूर व बिलोली या भागांत, काळ्या पाषाणाहून कितीतरी प्राचीन असा ग्रॅनाइट आढळतो. करड्या व गुलाबी कणांमुळे तो सहज ओळखू येतो. काळा पाषाण, गारगोटी व ग्रॅनाइट हे पाण्यात सहसा विरघळत नाहीत. म्हणून काचपेटीस ते योग्य होत.

चुनखडीची गोष्ट मात्र निराळी आहे. काळ्या जमिनीत व ओढ्यांच्या दरडींत पांढुरके, ओबडधोबड खडे सापडतात. ते भाजून पूर्वी बांधकामाचा चुना करीत. संगमरवरही याच कुळातला. मासे श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड वायू पाण्यात सोडतात. हा वायू मिसळलेल्या पाण्यात चुनखडी थोडी थोडी विरघळते व पाणी जड, म्हणजेच दुष्फेन होते. मॉली किंवा गप्पी यांसारख्या माशांना असे पाणी मानवते; पण मृदू पाण्यात वाढणाऱ्या निऑन टेट्रासारख्या माशाला ते बाधते. पाणी वरून पूर्वीसारखेच निर्मळ दिसते, त्यामुळे मासा का मलूल झाला, हे पाळणाऱ्याला उमगत नाही.

मग दगड ओळखावा कसा? स्वच्छ धुऊन वाळवलेल्या दगडावर थोडे खरवडावे व तेथे लिंबाच्या रसाचे काही थेंब टाकावेत. बारीक बुडबुडे उठले, तर दगडात चुन्याचा अंश आहे असे समजावे. काळ्या पाषाणाच्या पोकळीतही कधी कधी असे पांढरे खनिज असते. म्हणून पांढरा ठिपका दिसेल तेथेही परीक्षा करावी. खूण अस्पष्ट वाटल्यास दोन भांड्यांत सारखेच पाणी घेऊन एकात दगड बुडवून ठेवावा, दुसरे तसेच झाकून ठेवावे. आठ दिवसांनी दोन्ही पाण्यांत सारखाच साबण घुसळावा. दगडाच्या पाण्यात फेस स्पष्टपणे कमी आला, तर तो दगड दूर ठेवावा. ज्यांच्या कडा धारदार आहेत किंवा ज्यांवर धातूसारखी चकाकी अथवा गंज आहे, असे दगडही टाळावेत.

निवडलेला दगड ब्रशाने घासून नुसत्या पाण्याने धुवावा; साबण लावू नये. तो विस्तवावर तापवू नये, कारण आत मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन दगड फुटण्याचा संभव असतो. 60 सेंटिमीटर लांब, 30 सेंटिमीटर रुंद व तितक्याच उंच पेटीत 54 लिटर पाणी मावते; म्हणजे पाण्याचाच भार 54 किलो होतो. काळा पाषाण तितक्याच आकारमानाच्या पाण्याहून जवळजवळ तिप्पट जड असतो. यास्तव मोठा दगड प्रथम तळाशी स्थिर बसवावा व मग सभोवार वाळू पसरावी. वाळूवर ठेवलेला दगड माशांनी वाळू उकरल्यास कलंडून काच फोडू शकतो.

दगड केवळ शोभेचा नसतो. भित्रा मासा त्याच्या आडोशाला विसावतो. त्याच्या पृष्ठभागावर वाढणारे सूक्ष्म जीवाणू माशांच्या मलातील विषारी अमोनियाचे कमी घातक पदार्थांत रूपांतर करतात. म्हणून सर्व दगड एकाच दिवशी घासून लख्ख करू नयेत.

चुकीचा दगड पेटीत पडला, की पाणी वारंवार बदलावे लागते. पाण्याचे मोल लातूरकरांना वेगळे सांगावयास नको. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून आगगाडीने त्या शहराला पाणी पोहोचवावे लागले होते. पेटीतून काढलेले पाणीही मोरीत न ओतता झाडांना घालावे. त्यातील द्रव्ये झाडांना पोषक असतात.

खडे वेचतानाही संयम हवा. नदीतील दगडांखाली कीटकांच्या अळ्या राहतात, आणि काही मासे त्यांच्या आडोशाला अंडी घालतात. आपल्या चार मासोळ्यांचे घर सजविण्यासाठी नदीतील जीवांचे घर मोडणे उचित नव्हे. कोरड्या पात्रातून गरजेपुरते खडे घ्यावेत व बाकीचे गोदावरीपाशीच राहू द्यावेत.

शब्दार्थ
शिलारस – वितळलेला तप्त खडक. दरड – ओढ्याचा उभा काठ. दुष्फेन – ज्यात साबणाचा फेस सहज होत नाही असे. मलूल – निस्तेज

स्वाध्याय
1. चुनखडीमुळे पेटीतील पाण्यात कोणता बदल होतो? तो का होतो?
2. साबणाच्या परीक्षेत दगड नसलेले दुसरे भांडे कशासाठी ठेवावयाचे?
3. कारणे द्या : (अ) मोठा दगड वाळूच्या आधी बसवावा. (आ) सर्व दगड एकाच दिवशी घासू नयेत.
4. आपल्या गावाजवळचे पाच निरनिराळे खडे जमवून लिंबाच्या रसाने त्यांची परीक्षा करा व निरीक्षणे वहीत लिहा.