कढीपत्त्यावरच्या अळीकडून तीन धडे

जीवनचक्र, आनुवंशिक गुण आणि अधिवास हे पुस्तकात तीन वेगळे धडे असले, तरी झाडावर ते एकत्रच भेटतात. पावसाळ्यात लिंबाच्या किंवा कढीपत्त्याच्या पानांवर लाइम बटरफ्लायच्या अळ्या सहज सापडतात. तिसरी-चौथीच्या वर्गाला एवढे पुरते.

काय करावे

• कोवळ्या पानावरचे मोहरीपेक्षाही लहान, पिवळसर अंडे मुलांनाच शोधू द्यावे.

• फांदीला जुन्या मच्छरदाणीचा तुकडा सैलसर बांधावा, म्हणजे अळी आपल्याच झाडावर राहते. बरणीच वापरायची झाली तर रोज त्याच झाडाची ताजी, फवारणी न केलेली पाने आणि आत एक उभी काडी ठेवावी.

• तारीख घालून रोज एक चित्र काढून घ्यावे. लहानपणी ही अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की पानासारखी हिरवी होते. डिवचल्यावर डोक्यामागून नारिंगी, दुभंगलेले शिंग काढून उग्र वास सोडते. ‘असं का?’ हे मुलांनी विचारेपर्यंत शिक्षकाने गप्प राहावे. याहून मोलाचे काम या धड्यात दुसरे नाही.

• हिरव्या पानांतला कोश बहुधा हिरवा होतो, वाळक्या काडीवरचा तपकिरी. दोन्ही मिळाले तर शेजारी ठेवून दाखवावेत. दोन्ही रंग धारण करण्याची क्षमता आईबापांकडून आली. त्यातला कोणता उमटला, ते जागेने ठरवले. आनुवंशिकता आणि परिसर यांचे नाते इतके स्वच्छ क्वचितच दिसते.

• ‘आईचे कान टोचलेले, मग बाळाचे जन्मतःच टोचलेले का नसतात?’ हे जरूर विचारावे. मुले वाद घालतील, घालू द्यावा.

• अळी मेली किंवा कोशातून फुलपाखराऐवजी परजीवी माश्या निघाल्या, तर खरे ते सांगावे. फुलपाखरू इतकी अंडी का घालते, हे तेव्हाच कळते.

काय टाळावे

• पहिल्याच दिवशी चार अवस्थांचा तक्ता टांगू नये. उत्तर आधी मिळाले की पाहणे थांबते.

• कोशातून बाहेर पडणाऱ्या फुलपाखराला ‘मदत’ करू नये. लटकून पंख पसरायला आणि वाळायला त्याला वेळ लागतो. मग जिथे अंडे सापडले तिथेच सोडावे.

• जिभेची पन्हळ करता येणे हा एका जनुकाचा खेळ आहे, असे शिकवू नये. 1940 मध्ये हे मांडणाऱ्या आनुवंशिकीतज्ज्ञ स्टर्टेव्हंट यांनीच पुढे ते मागे घेतले; एकसारख्या जुळ्यांतही एकाला जमते, दुसऱ्याला नाही.

• ‘घरातल्या कोणासारखे दिसता?’ असा तक्ता मुलांकडून कधीही भरून घेऊ नये. दत्तक आलेले, आजीकडे वाढणारे, रंगावरून बोलणी खाणारे मूल त्याच वर्गात असते. त्याऐवजी मांजरीची पिल्ले पाहावीत, गुलबक्षीचे बी पेरावे.

• अधिवासाची सुरुवात उंट आणि ध्रुवीय अस्वलापासून नको. आवारातला दगड उचलून पाहावा आणि जसा होता तसा परत ठेवावा.

• ‘गरज पडली म्हणून प्राण्याने स्वतःला बदलले’ हे वाक्य टाळावे. बदल पिढ्यान्‌पिढ्या घडतात. परिसराशी जुळणारे जास्त जगतात, त्यांचेच गुण पुढे जातात.

• परीक्षेत केवळ ‘नावे द्या’ नको. ‘आवारातली लिंबू-कढीपत्त्याची सगळी झाडे तोडली, तर पुढच्या पावसाळ्यात काय दिसणार नाही?’ हे विचारावे. राज्याचे फुलपाखरू म्हणून 2015 मध्ये जाहीर झालेल्या ब्लू मॉरमॉनच्या अळ्याही लिंबाच्याच कुळातली पाने खातात. त्याबद्दलही लिहिणाऱ्याला जास्त गुण द्यावेत.