सभेत सर्वांचे ऐकताना



पावसाळ्यात नाल्यांना पूर आला की दूरच्या गावांतील मुलांचे धर्मशिक्षण बंद पडते. गेल्या सभेत आम्ही यावर उपाय विचारला, तेव्हा दोघे-तिघेच बोलले. एका भगिनीने काही सुचवताच 'ते जमणार नाही' असे उत्तर गेले. मग सगळेच गप्प. चूक आम्हा सभा चालवणाऱ्यांची होती.

विचारमंथनाची पद्धत मांडणाऱ्या अमेरिकेच्या ॲलेक्स ऑसबर्न यांचा पहिला नियमच असा : कल्पना सुचत असताना टीका करायची नाही, निवड नंतर. मात्र १९५८ साली येल विद्यापीठातील प्रयोगात दिसले की, तेवढीच माणसे एकेकटी बसली तर गटापेक्षा अधिक कल्पना सुचतात. म्हणजे आधी शांतता हवी.

आपल्याच जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गाव पाहा. तिथे अभ्यासगटात फक्त चर्चा होते. निर्णय ग्रामसभेत, तोही बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने. वेळ लागतो खरा, पण २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांत मेंढा होते.

यरुशलेमच्या सभेतही आधी बराच वाद झाला. पुढे बर्णबा आणि पौल बोलू लागले, तेव्हा सारा समुदाय शांतपणे ऐकत राहिला (प्रेषितांची कृत्ये १५:१२).

येत्या रविवारी मिस्सानंतर पाच-पाच जणांचे गट करू. प्रार्थनेनंतर पाच मिनिटे कोणी बोलणार नाही. मग प्रत्येकाने एकेक उपाय सांगावा, माडियात सांगितला तरी चालेल. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे म्हणणे युवक लिहून घेतील. निवड त्या दिवशी करायची नाही, ती पुढच्या रविवारी.