व्हेट स्कूलच्या आधीची डिग्री

आपल्याकडे बारावीनंतर ‘नीट’ दिली की साडेपाच वर्षांत पशुवैद्यक होता येतं. अमेरिकेत बहुतेक जण आधी चार वर्षांची डिग्री घेतात आणि मग चार वर्षांच्या डीव्हीएमला, म्हणजे पशुवैद्यकाच्या पदवीला, अर्ज करतात. मधल्या या डिग्रीबद्दल अमेरिकेतल्या मराठी घरांत भलतेच समज आहेत. सगळ्यात मोठा म्हणजे, बायॉलॉजीच घ्यायला हवी. अजिबात नाही. मेजर कोणतंही चालतं. ठरावीक विषय झालेत का आणि मार्क कसे पडलेत, हे पाहतात. मी अ‍ॅनिमल सायन्स घेतलं, कारण मामाच्या गोठ्यात वाढलेय.

खरी मेख विषयांच्या यादीत आहे. केमिस्ट्री, फिजिक्स जवळपास सगळीकडे लागतात. पण कुणाला जेनेटिक्स हवं, कुणाला पशुआहार, कुणाला चक्क भाषणकला! ‘एवढं पुरे’ म्हणत आमच्या सल्लागार बाईंनी मला बायोकेमिस्ट्रीचा सोपा कोर्स दिला. अर्ज भरताना कळलं, काही ठिकाणी तो धरतच नाहीत. सुट्टीत पदरचे पैसे घालून वरच्या पातळीचा कोर्स केला. शाळेतच एपी ही कॉलेज-पातळीची परीक्षा देऊन फिजिक्स उरकणाऱ्यांनीही जपून राहावं, ते क्रेडिट सगळीकडे चालत नाही. म्हणून पहिल्याच वर्षी पाच-सहा व्हेट स्कूलच्या याद्या शेजारी शेजारी मांडा आणि शंका आली तर थेट त्यांच्या अ‍ॅडमिशन ऑफिसला विचारा. उत्तर लेखी घ्या.

अनुभवाच्या तासांचंही तसंच. विस्कॉन्सिनच्या थंडीत पहाटे वासरांना बाटलीनं दूध पाजायचे. सांडलेलं दूध हातमोज्यांवर गोठून कडक व्हायचं. ते सगळे तास अर्जात ‘प्राण्यांचा अनुभव’ म्हणून गेले. डॉक्टर गोठ्यात आल्यावर त्यांच्या हाताखाली गाय धरली, तेवढेच तास ‘पशुवैद्यकीय’ ठरले. वही पहिल्या दिवसापासून ठेवा आणि डॉक्टरांचं नाव तिथल्या तिथे लिहा.

राज्याचाही विचार करा. सरकारी व्हेट स्कूल बहुधा आपल्या राज्यातल्या मुलांना झुकतं माप देतात. व्हिसावरच्या मुलांना तर काही ठिकाणी दारच बंद.

आणि पहिल्या फटक्यात प्रवेश न मिळणारे पुष्कळ असतात. तेव्हा मधल्या काळात त्या डिग्रीवर पोट भरेल का, तेही बघून ठेवा. मला पशुखाद्याच्या कंपनीत नोकरी मिळाली; पुढच्या अर्जांची फी त्याच पगारातून भरली.