सारथ्य आणि वाद

कठोपनिषदाने देहाला रथ म्हटले, बुद्धीला सारथी आणि मनाला लगाम. मोटारीत स्टेअरिंग एकाच्या हाती असते खरे. पण शेजारच्याच्या एका बोलाने लगाम हिसकला जातो, हे ध्यानात कोण घेतो?

महाशिवरात्रीला चंद्रपुराहून मूलमार्गे मार्कंड्याला निघालेले जोडपे घ्या. रस्ता जंगलातला. "तुमच्या बहिणीला एवढे कशाला दिले?" झाले, ठिणगी पडली! उत्तर द्यायला धन्यांनी मान वळवली. ताशी ६० किलोमीटरने गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. तीन सेकंदांत ५० मीटर. तेवढ्यात झाडीतून चितळ, रोही, प्रसंगी वाघही आडवा येतो. क्रोधाने भरलेल्या डोळ्याला तो दिसायचा कसा? आणि मागे लेकरे झोपलेली!

मग करावे काय? वाद गिळू नका, पुढे ढकला. "मूलला चहा घेताना बोलू" म्हणा. भर रानात गाडी थांबवून भांडायला उतरू नका. चालवणाऱ्याने उत्तर देऊ नये, जोडीदाराने प्रश्न टाकू नये. दोघांनी विठ्ठलनाम घ्यावे. वाटेवरचे मौन हेही व्रतच. वादात जिंकणारा आणि हरणारा एकाच गाडीत बसलेले असतात, एवढे विसरू नका.

रामकृष्णहरि!