उघड्या हवेतली ठिणगी फसवते!

मोटारसायकल चढावर अडखळू लागली, की प्लग काढतात, त्याचे धातूचे अंग इंजिनाला टेकवतात आणि किक मारतात. फटीत ठिणगी दिसली म्हणजे प्लग चांगला, असे पुष्कळांना वाटते. पण तोच प्लग परत बसवला, की गाडी पुन्हा अडखळते. असे का व्हावे?

हवा ही एरवी विद्युत्-रोधक. प्लगच्या दोन टोकांमधला विद्युत्-दाब पुरेसा वाढला, की हवेतील मोकळे इलेक्ट्रॉन वेगाने धावतात, रेणूंवर आदळून आणखी इलेक्ट्रॉन मोकळे करतात आणि ठिणगी पडते. हवा दाट असेल, तर दोन टकरींमध्ये धावायला जागा थोडी मिळते. म्हणून विद्युत्-दाब अधिक लागतो. एका तापमानाला तो वायूचा दाब आणि फटीची रुंदी यांच्या गुणाकारावर अवलंबून असतो, हे जर्मन शास्त्रज्ञ फ्रीड्रिख पाशेन यांनी १८८९ मध्ये दाखवले.

आता आकडे पाहू. ०.७ मिलिमीटर फटीला उघड्या हवेत सुमारे ३,५०० व्होल्ट पुरतात. सिलिंडरमध्ये दट्ट्याने वायू आठव्या हिश्श्यात दाबला, की घनता आठपट होते आणि १५,००० व्होल्टही अपुरे पडू शकतात. प्लगच्या रोधकावर काजळी असेल, तर तिच्यातून वीज झिरपते. अशा वेळी ३,५०० व्होल्ट गाठता येतात, १५,००० नाही. सपाट रस्त्यावर ॲक्सिलरेटर थोडाच उघडलेला असतो, सिलिंडरमध्ये वायू कमी शिरतो, म्हणून तिथे हा दोष लपतो.

म्हणूनच प्लग तपासण्याच्या यंत्रात एक बंद कोठी असते. तिच्यात प्लग बसवून हवा दाबून भरतात आणि काचेतून ठिणगी पाहतात. हवा किती भरावी? दाबताना वायू तापतो. उष्णता बाहेर गेली नाही असे धरले, तर सिलिंडरमधला दाब सुमारे १८ पट होतो. पण रेणूंची गर्दी आठपटच. तेव्हा कोठीतल्या थंड हवेला सुमारे ८ वातावरणे दाब पुरतो. ठिणगी अडते ती गर्दीने, हे ध्यानात ठेवा.

हे प्रयोग घरी करू नका. विजेचा झटका जबर असतो आणि पेट्रोलची वाफ ठिणगीने पेटते. घरी गणित मात्र करा: फट झिजून १ मिलिमीटर झाली, तर पाशेनचा गुणाकार किती पट वाढेल?