गाडी कुठे उभी राहणार, ते आधी ठरवा

रेल्वे सिम्युलेटरमध्ये साधी दुहेरी लाइन टाकली आणि तिच्यावर संगणकाच्या हवाली केलेल्या चार गाड्या सोडल्या, तर त्या तासन्‌तास बिनबोभाट धावतात. जंक्शन आलं की मात्र सगळं बिनसतं. एक गाडी डायमंड क्रॉसिंगवर, म्हणजे दोन रूळ एकमेकांना छेदतात तिथे, आडवी उभी राहते, दुसरी ती हलण्याची वाट बघत जंक्शनच्या तोंडाशी असलेल्या होम सिग्नलला थांबते आणि तिसरी प्लॅटफॉर्मवर बसून असते. पहिलीला नेमका तोच प्लॅटफॉर्म हवा असतो. ‘ट्रेन्झ’ घ्या, ‘ओपन रेल्स’ घ्या नाहीतर ‘ओपनटीटीडी’, हा तमाशा सगळीकडे सारखाच, आणि त्यावर खेळणाऱ्यांचा शेराही ठरलेला: एआयला अक्कल नाही. हा शेरा मला पटत नाही. वाट शोधण्यात ही गाडी सहसा चुकत नाही. तिला भलत्या जागी थांबायला लावलेलं असतं, आणि ते आपणच लावलेलं असतं. गाडीने कुठून जावं यावर आपण डोकं शिणवतो. ती अडली तर कुठे उभी राहील, हे मात्र फार थोडे जण नकाशा आखताना विचारतात.

या गाड्यांना मुळात दिसतं किती ते बघा. ओपनटीटीडीतला याप्फ नावाचा वाट-शोधक प्रत्येक संभाव्य वाटेचा खर्च मांडतो: अंतर, वळणं, चढ, लाल सिग्नल, वाटेत लागणारी स्टेशनं, या प्रत्येकाचा भुर्दंड धरून जी वाट स्वस्त ती निवडतो. ओपन रेल्समध्ये याच्या उलट आहे. तिथे एआय गाडीची वाट आधीच आखून फाइलमध्ये ठेवलेली असते, आणि कुठे वाट बघायची, कुठे उलटं फिरायचं, कुठल्या लूपमधून, म्हणजे बाजूच्या रुळावरून, दुसऱ्या गाडीला बगल द्यायची, हेही त्यातच लिहायचं असतं. ट्रेन्झमध्ये ड्रायव्हरला एकामागून एक हुकूम द्यायचे असतात. पद्धती तीन, पण एक उणीव तिघींनाही लागू: समोरच्या गाडीला पुढच्या पाच मिनिटांत काय लागणार आहे, हे यातली कुठलीच गाडी पुरतं विचारात घेत नाही. सिग्नल मिळाला की ती पुढे सरकते. पुढे सरकणं हीच कधीकधी घोडचूक ठरते, हे तिला सांगणारं कोणी नसतं.

संगणकशास्त्रात अशा एकमेकांत अडकून पडण्याच्या कोंडीचा अभ्यास जुना आहे. १९७१ साली कॉफमन आणि त्यांच्या सहलेखकांनी तिच्यासाठी चार अटी मांडल्या. एक वस्तू एका वेळी एकालाच वापरता यावी. जवळचं न सोडता आणखी मागता यावं. कोणाकडूनही काही हिसकावून घेता येऊ नये. आणि मागणाऱ्यांची साखळी फिरून पहिल्यापाशीच यावी. चारही एकत्र आल्या तरच कोंडी होते, एक जरी तोडली तरी ती टळते. रुळांवर पहिली आणि तिसरी तोडताच येत नाही: एका रुळावर दोन गाड्या मावत नाहीत आणि उभी गाडी उचलून बाजूला ठेवता येत नाही. म्हणजे हातात उरल्या दुसरी आणि चौथी. गाडीने सांध्यावर, म्हणजे रूळ फुटतात तिथे, उभं राहून पुढची जागा मागायची नाही, एवढा बंदोबस्त केला की दुसरी अट तिथल्यापुरती मोडते. सिग्नलची जागा निवडणं म्हणजे प्रत्यक्षात हाच बंदोबस्त.

उदाहरणादाखल कल्याण घेऊ. तिथून एक वाट कसाऱ्याकडे जाते, दुसरी कर्जतकडे. खरं कल्याण पुष्कळ गुंतागुंतीचं आहे, पण तूर्त दुहेरी मार्गाचं साधं सपाट जंक्शन धरा. आपल्या गाड्या डाव्या हाताने चालतात, त्यामुळे कसाऱ्याकडून मुंबईला येणारी गाडी आणि मुंबईहून कर्जतला निघालेली गाडी एकमेकींची वाट कापतात. आता क्रॉसिंगपासून ४०० मीटरवर, प्लॅटफॉर्मच्या अलीकडे, कोणीतरी हौसेने एक सिग्नल ठोकला. एलएचबी प्रकारचा प्रवासी डबा साधारण २४ मीटरचा. २२ डबे आणि इंजिन मिळून गाडी झाली सुमारे ५५० मीटर. कसाऱ्याकडून आलेली गाडी त्या सिग्नलला थांबली की तिची दीडशे मीटर शेपटी क्रॉसिंगवर आणि त्याच्याही मागे पसरणार. प्लॅटफॉर्म दोन्ही दिशांना वापरात असेल आणि तिथे कर्जतची गाडी उभी असेल, तर झालंच. तिला निघायला क्रॉसिंग हवं, हिला शिरायला प्लॅटफॉर्म हवा. यावर वाट-शोधक कितीही हुशार बसवला तरी तो काय करणार? उपाय मात्र सोपा आहे. तो ४०० मीटरवरचा सिग्नल काढून टाका आणि प्लॅटफॉर्मपर्यंतची अख्खी वाट मोकळी झाल्याशिवाय क्रॉसिंगच्या आधीचा होम सिग्नल सुटू देऊ नका. किंवा जागा असेल तर तो सिग्नल सहाशे मीटरच्या पलीकडे न्या. मालगाड्या धावणार असतील तर तेही पुरणार नाही. आपल्या रेल्वेत लूपमध्ये उभं राहायच्या जागेचं प्रमाण ६८६ मीटर धरतात, तोच आकडा नकाशातही वापरावा.

यावर हमखास ऐकू येतं, की सिग्नल जितके जास्त तितक्या गाड्या जास्त. मोकळ्या लाइनवर हे खरंच आहे. यार्डाच्या तोंडाशी नेमकं उलटं होतं. ओपनटीटीडीत साध्या ब्लॉक सिग्नलांनी जंक्शन घेरलं तर आतला सगळा भाग एकच ब्लॉक होतो आणि एका वेळी एकच गाडी आत जाते. हे खुपतं म्हणून लोक मधोमध सिग्नल पेरतात, आणि प्रत्येक सिग्नलबरोबर गाडीला क्रॉसिंगवर उभं राहण्याचा एक नवा परवाना देतात. या खेळात पाथ सिग्नल आहेत ते यासाठीच. ते अख्खा ब्लॉक न अडवता गाडीची तेवढी वाट राखून ठेवतात, त्यामुळे एकमेकींना न छेदणाऱ्या दोन गाड्या एकाच वेळी जंक्शनमधून जाऊ शकतात. मात्र साधा पाथ सिग्नल पाठीमागून ओलांडता येतो. दुहेरी लाइनवर एकदिशा प्रकारचा लावला नाही, तर एखादी गाडी बिनदिक्कत उलट्या रुळावर शिरते. वाट एवढी लांब राखून ठेवली तर खोळंबा वाढेल, ही शंकाही फारशी टिकत नाही. गाडीची शेपटी जसजशी पुढे सरकते तसतशी मागची वाट सुटत जाते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. खरी रेल्वे माणसाच्या नजरेवर चालते, सेक्शन कंट्रोलर दहा स्टेशनं पुढचं बघतो, मग संगणकाला ते का शिकवू नये? शिकवावं की. पण खरी रेल्वे निव्वळ हुशारीच्या भरवशावर कधीच राहिली नाही. जॉन सॅक्सबी यांनी सांधे आणि सिग्नल एकमेकांत अडकवण्याचं पेटंट १८५६ साली घेतलं. १८८९ साली आयर्लंडमध्ये आर्माजवळ सहलीच्या गाडीचे सुटलेले डबे उतारावरून मागे घरंगळले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. ब्रिटिश संसदेने त्याच वर्षी प्रवासी मार्गांवर ब्लॉक पद्धत, इंटरलॉकिंग आणि सलग ब्रेक सक्तीचे करणारा कायदा केला. माणसाची अक्कल या चौकटीच्या आत चालते. बहुतांशी एकेरी असलेल्या कोकण रेल्वेवर कंट्रोलर कितीही निष्णात असो, एका टापूतल्या सगळ्या लूप दोन्ही बाजूंच्या गाड्यांनी भरल्या तर त्याचाही इलाज चालत नाही. त्याचं कौशल्य तशी वेळ येऊ न देण्यात आहे, म्हणजे एखादी लूप रिकामी ठेवण्यात आणि गाडी आधीच्याच स्टेशनात रोखून धरण्यात. हे नकाशातही करता येतं.

उड्डाणपूल बांधून मोकळं व्हावं असं म्हणणारेही असतात. पुलाने वाटा छेदायच्या थांबतात, पण दोन वाटा जिथे एक होतात तिथला प्रश्न तसाच राहतो. वेळापत्रक मिनिटाला मिनिट जुळवणाऱ्यांचंही तेच: एक गाडी दहा मिनिटं रखडली की पुढचा सगळा क्रम उलटापालटा होतो, आणि ओपन रेल्समधली आखीव वाट त्या नव्या क्रमासाठी आखलेलीच नसते. थांबण्याची जागा हुकुमातूनही ठरते, म्हणून ट्रेन्झवाल्यांनी एक गोष्ट तपासावी. ‘ड्राइव्ह टू ट्रॅकमार्क’ हा हुकूम गाडीला त्या खुणेपाशी नेऊन थांबवतो, ‘ड्राइव्ह व्हाया ट्रॅकमार्क’ तिथून फक्त पुढे नेतो. खूण सांध्यांमध्ये टाकून पहिला हुकूम दिला, तर गाडी सांध्यावर थांबणारच. तिने हुकूम पाळलाय.

चाचणीसुद्धा याच अंगाने घ्यावी. गाड्या सुरळीत धावताना बघून जंक्शनबद्दल काहीच कळत नाही. ताफ्यातली सगळ्यात लांब गाडी घ्या, जंक्शनच्या बाहेर पडायच्या एका वाटेवर दुसरी गाडी मुद्दाम बंद पाडून ठेवा आणि मागून वाहतूक येऊ द्या. मग प्रत्येक थांबलेल्या गाडीचा शेवटचा डबा कुठे आहे ते पाहा. तो फाउलिंग मार्कच्या, म्हणजे ज्याच्यापुढे उभी गाडी शेजारची वाट अडवते त्या खुणेच्या, जंक्शनकडच्या बाजूला राहिला असेल, तर त्या गाडीपुढचा सिग्नल हलवा किंवा काढा. बंद पाडलेली गाडी मग दुसऱ्या वाटेवर नेऊन ठेवा, आणि प्रत्येक वाटेसाठी हेच पुन्हा करा.